पन्नाशीनंतर स्वतःचा व्यवसाय: कुठून सुरुवात करायची, कुठे सांभाळायचं

"अरे वा, छान वेळ जाईल तुझा."

कपड्यांच्या अल्टरेशनचा व्यवसाय सुरू करतेय असं सांगितलं की बहुतेकांकडून मला हेच ऐकायला मिळायचं. तेव्हा मी बावन्न वर्षांची होते. चोवीस वर्षं एका ऑफिसच्या हिशेब विभागात काढून बाहेर पडले होते. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसायचं, त्यामुळे रागावताही यायचं नाही. पण मला वेळ घालवायचा नव्हता, विकायचा होता. हे माझ्याच डोक्यात नीट शिरायला आठ महिने गेले आणि तोवर गाठीचे बऱ्यापैकी पैसेही गेले. त्या आठ महिन्यांत जे उलटसुलट झालं, ते ज्या क्रमाने व्हायला हवं होतं त्या क्रमाने इथे मांडतेय. माझं काम शिवणाचं आहे, तुमचं शिकवणीचं, सल्ल्याचं, वस्तू विकण्याचं किंवा आणखी कशाचंही असेल. पायऱ्या फारशा बदलत नाहीत.

वयाची धास्ती असेल तर एक आकडा ऐका. अमेरिकेत सुमारे २७ लाख उद्योग-संस्थापकांच्या नोंदी तपासून केलेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यात वेगाने वाढलेल्या, म्हणजे हजारात एक ठरलेल्या कंपन्या सुरू करणाऱ्यांचं सरासरी वय त्यात ४५ निघालं. पन्नाशीच्या माणसाला असं मोठं यश मिळण्याची शक्यता तिशीतल्यापेक्षा जवळपास दुप्पट दिसली. त्याच क्षेत्रातला अनुभव हाताशी असणाऱ्यांचं पारडं आणखी जड होतं. तुम्हाला-मला काही हजारात एक व्हायचं नाही, पण "या वयात कुठे?" असं कुणी विचारलं तर हे तोंडावर सांगता येतं.

१. किती बुडालं तर चालेल, हे आधी लिहा

बहुतेक जणी "किती भांडवल लागेल?" इथून सुरुवात करतात. मीही तशीच केली, आणि तिथेच चुकले. पहिला प्रश्न हवा, "किती गेलं तर माझी झोप उडणार नाही?"

उद्योजकतेच्या अभ्यासक सरस सरस्वती यांनी २७ मुरलेले उद्योजक निर्णय कसे घेतात याचा अभ्यास केला होता. २००१ मध्ये त्यांनी मांडलेल्या विचारात 'परवडणारा तोटा' ही कल्पना आहे. नफ्याचे अंदाज बांधत बसण्यापेक्षा आपल्याला झेपेल एवढा तोटा आधी ठरवायचा आणि त्या मर्यादेत जे करता येईल ते करून बघायचं. पन्नाशीनंतर हे जास्तच लागू पडतं. तिशीत बुडालेले पैसे भरून काढायला पुढे तीस वर्षं असतात, आपल्याकडे तेवढी नसतात.

एक कोरा कागद घ्या आणि तीन ओळी लिहा.

- निवृत्तीसाठी राखलेले पैसे. यांना हात लावायचा नाही.
- घरखर्चाचे निदान सहा महिन्यांचे पैसे, आजारपणाची तजवीज वेगळी. यांनाही हात लावायचा नाही.
- उरलेल्यातून, पूर्ण गेली तरी चालेल अशी रक्कम. हाच तुमचा आकडा.

आकड्याशेजारी मुदतही लिहा: एवढे पैसे आणि एवढे महिने. मी आकडा लिहिला होता, मुदत लिहिली नव्हती. त्यामुळे "अजून एक महिना बघू" करत राहिले. कागद घरातल्या एका माणसाला दाखवून ठेवा. सल्ला मागायला नव्हे, साक्षीला.

अजून नोकरीत असाल तर राजीनाम्याआधी नेमणुकीचे आणि निवृत्तीवेतनाचे नियम नीट वाचा. काही ठिकाणी नोकरीत असताना दुसरा व्यवसाय करायला लेखी परवानगी लागते. काही ठिकाणी नोकरी सोडल्यावरही ठरावीक काळ त्याच क्षेत्रात काम करायला मनाई असते. हे राजीनामा दिल्यावर कळलं तर फार उशीर झालेला असतो.

२. जे तुम्हाला आतून माहीत आहे तेच निवडा

"सध्या काय चालतंय?" असं शोधत निघालात की हमखास अशा धंद्यात पडाल, ज्यातलं तुम्हाला ओ की ठो कळत नाही. त्याऐवजी दोन याद्या करा. लोक आजवर तुमच्याकडे कशासाठी येत आले, ही पहिली. तुम्हाला स्वतःला काय हवं होतं आणि मिळालं नाही, ही दुसरी.

दुसऱ्या यादीचं एक ठसठशीत उदाहरण आहे. बार्बी बाहुलीमागच्या रूथ हँडलर यांना १९७० मध्ये स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रियेनंतर बाजारात जे कृत्रिम स्तन मिळत होते ते त्यांना मुळीच पटले नाहीत. त्यांनी ते नव्याने घडवायला घेतले आणि 'निअरली मी' या नावाने विकले. तेव्हा त्या साठीच्या आसपास होत्या. दुकानात उभं राहून "हे मला बसत नाही" म्हणणाऱ्या बाईला काय वाटतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

माझं म्हणाल तर मी उंचीने कमी. आयुष्यभर तयार पँट विकत घेऊन स्वतःच खालून आखूड करत आले, मग शेजारणींच्या करून दिल्या. हिशेबाचं काम मी चोवीस वर्षं केलं, पण त्यासाठी माझ्या दारी कुणी आलं नाही. पँट घेऊन मात्र येत होते.

या पायरीवर गळ टाकून बसलेले बरेच भेटतात. त्यांच्यापासून सांभाळा:

- "आधी माल घ्या, मग खालची माणसं जोडा" म्हणणाऱ्या साखळी योजना. विचारायचं एवढंच: गिऱ्हाइकाला माल विकून जास्त पैसे मिळतात, की नवीन माणूस आणून? उत्तर दुसरं असेल तर उठून या.
- नोंदणी शुल्क आधी मागणारं अनुदान किंवा कर्ज. खरं कर्ज देणारा स्वतःची फी सहसा कर्जातून वळती करतो. अनोळखी खात्यात आगाऊ पैसे भरायला लावत नाही.
- महागडे 'उद्योजिका' अभ्यासक्रम. दोन-तीन झाले आणि अजून एकही गिऱ्हाईक नसेल, तर तुम्ही व्यवसाय टाळताय. मी असले दोन केले. प्रमाणपत्रं छान आहेत.

३. पाटी लावण्याआधी दहा गिऱ्हाइकं

जागा, पाटी, कार्ड, वेबसाइट यांतलं काहीही करण्याआधी दहा परक्या माणसांकडून पैसे घ्या. परकी म्हणजे नात्यातली नाहीत, मैत्रिणी नाहीत. नातेवाईक "फार सुरेख!" म्हणतात आणि कपडा कपाटात ठेवून देतात. परका माणूस पँट घालून बघतो आणि म्हणतो, डावा पाय अर्धा सेंटीमीटर लांब आहे.

या दहांच्या नोंदी वहीत ठेवा: कुठून कळलं, काय मागितलं, किती वेळ लागला, किती पैसे दिले, परत आले का. माझ्या वहीत गंमतच निघाली. मी ब्लाउज आणि ड्रेस दुरुस्तीची तयारी करून बसले होते आणि दहांतले सहा जण पँटची लांबी आणि चेन बदलायलाच आले. मी तोवर हौसेने मण्यांची नक्षी करायचं सामान आणून ठेवलं होतं. ते अजून तसंच पडून आहे.

दहा गिऱ्हाइकं जमवायला तीन महिन्यांहून जास्त लागले तर वस्तू, दर किंवा जागा यांतलं काहीतरी चुकतंय. पुढच्या पायरीवर जाऊ नका, इथेच थांबून शोधा.

४. दर ठरवणं: सगळ्यात जास्त चूक इथेच होते

या पायरीवर जरा रेंगाळणार आहे, माझे आठ महिने इथेच गेलेत.

पहिल्या दिवशी पँट आखूड करायचा दर मी कसा ठरवला? मशीनवर टीप मारायला किती वेळ लागतो ते बघितलं. आठ मिनिटं. त्याचे पैसे लावले. दर ऐकून लोक खूश, काम भरपूर, आणि महिनाअखेरीस हातात काहीच नाही. ऑफिसात दुसऱ्यांचे हिशेब पै-पैपर्यंत जुळवणाऱ्या बाईची ही गत! मग एके दिवशी घड्याळ समोर ठेवून एका पँटचा वेळ लिहून काढला.

- गिऱ्हाइकाशी बोलणं, पँट घालायला लावून माप घेणं: ७ मिनिटं
- जुनी टीप उसवणं: ६
- खुणा करून कापणं: ५
- रंगाचा दोरा शोधून बॉबिन भरणं: ४
- टीप: ८
- इस्त्री: ५
- पावती आणि "झालंय, न्यायला या" असा निरोप: ३

एकूण ३८ मिनिटं. ३८ मिनिटं राबून मी ८ मिनिटांचे पैसे घेत होते. बाकीची तीस मिनिटं मला काम वाटतच नव्हती. घरात इतकी वर्षं जे केलं त्याचा कुणी हिशेब मांडला नाही, मीही नाही. मग उसवणं, इस्त्री करणं, निरोप देणं याचे पैसे मागायचे असतात हे सुचणार कसं? माझ्या ओळखीतल्या जवळपास प्रत्येक बाईने ही चूक केली आहे. शिकवणी घेणारी तासाचे पैसे घेते, तयारीचे घेत नाही. सल्ला देणारी भेटीचे घेते, नंतरच्या चार फोनांचे घेत नाही.

आता सूत्र. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, चलन तुमचं तुम्ही धरा.

महिन्याचा ठरावीक खर्च (जागा, वीज, फोन, विमा, मशीनची देखभाल) समजा १२० आहे. तुम्हाला स्वतःला महिन्याला ३०० मिळायला हवेत. बेरीज ४२०. आता विकता येणारे तास मोजा. आठवड्याला तीस तास काम केलं तरी सगळे तास विकले जात नाहीत. सामान आणणं, हिशेब, चौकशीचे फोन, न आलेली गिऱ्हाइकं यांत बराच वेळ जातो. समजा महिन्याला ७० तास खरे विकले जातात. ४२० भागिले ७० म्हणजे तासाला ६. हा तुमचा किमान दर. ३८ मिनिटांच्या पँटचे ३.८, आणि दोरा-चेन असं सामान लागलं तर त्याचे वेगळे.

वस्तू विकत असाल तर ठरावीक खर्चाला एका नगामागे उरणाऱ्या पैशांनी भागा. विक्री किंमत १०, नगाचा खर्च ६, म्हणजे उरतात ४. १२० भागिले ४, म्हणजे महिन्याला ३० नग विकले की नुसता खर्च भागला. एकतिसाव्या नगापासून पुढे तुमचं. वस्तू बनवायला लागणारा तुमचा वेळ नगाच्या खर्चात धरा. तो शून्य धरला तर सगळं गणित सुंदर दिसतं आणि खोटं असतं.

निघालेला दर आजूबाजूच्या दरापेक्षा फार जास्त आला तर दोनच वाटा: वेळ कमी करा किंवा काम बदला. मी नेहमी लागणाऱ्या बारा रंगांच्या बॉबिन रविवारी भरून ठेवायला लागले, पँट एकत्र आठ-दहा घ्यायला लागले. ३८ मिनिटांची २६ झाली. नवीन दर मात्र लावलेच.

दर वाढवायचा असेल तर महिनाभर आधी पाटी लावा, "अमुक तारखेपासून नवे दर", आणि त्यावर स्पष्टीकरण देत बसू नका. माझी दोन गिऱ्हाइकं गेली. त्यांतलं एक परत आलं.

राहिला घरच्यांचा दर. नणंद, जाऊ, भाची, जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणी, सगळ्यांना फुकट किंवा निम्म्यात हवं असतं. भांडण नको असेल तर ही युक्ती करा: पावतीवर पूर्ण दर लिहा, खाली सवलत लिहा, मग घ्यायची रक्कम. फुकट दिलं तरी पावती द्या. नणंदेच्या हातात अशी पहिली पावती गेली तेव्हा ती जरा गप्प झाली. पुढच्या वेळी तिने पूर्ण पैसे दिले, मी मागितले नव्हते.

५. कागदपत्रांची फाइल

नोंदणी, परवाना, बँक, विमा, कुठेही जा, फिरून फिरून हेच कागद मागतात. एकदाच फाइल करा, प्रत्येकाच्या चार प्रती काढा, स्कॅन करून ठेवा.

- सरकारी ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो
- कर भरण्यासाठीचा क्रमांक
- जागेचा कागद: मालकीचा किंवा भाडेकराराचा. घरातून काम करणार असाल तर घरमालकाचं किंवा इमारतीच्या व्यवस्थापनाचं लेखी संमतीपत्र
- अनुभवाची आणि शिक्षणाची प्रमाणपत्रं
- बँक खात्याचे मागच्या सहा ते बारा महिन्यांचे उतारे
- नाव बदललं असेल तर त्याचा दाखला

शेवटच्या ओळीने माझे सहा आठवडे खाल्ले. शाळेच्या दाखल्यावर लग्नाआधीचं नाव, ओळखपत्रावर लग्नानंतरचं, बँकेत आद्याक्षरांसह तिसरंच. हे कागद एकाच बाईचे आहेत हे मला चार टेबलांवर पटवून द्यावं लागलं. तुम्ही अर्ज करायच्या आधीच सगळे कागद शेजारी शेजारी मांडून अक्षर न् अक्षर ताडून बघा. फरक दिसला तर लग्नाचा दाखला किंवा प्रतिज्ञापत्र आधी तयार करा. जन्मतारीखही बघा, तीसुद्धा कधी कधी दोन निघतात.

परवान्यांचं सूत्र साधं आहे. जे माणसाच्या पोटात जातं, कातडीला लागतं किंवा ज्यात लहान मुलं आणि वृद्ध सांभाळायचे असतात, अशा कामांना बहुतेक सगळीकडे वेगळा परवाना आणि तपासणी लागते. तुमचं काम यांत बसत असेल तर पहिल्या दहा गिऱ्हाइकांच्याही आधी परवान्याची चौकशी करा.

६. व्यवसायाचा प्रकार, खातं आणि सह्या

एकटीने सुरुवात करायची तर एकल मालकी सगळ्यात सोपी, कागद कमी. पण कायद्याच्या नजरेत व्यवसाय आणि तुम्ही एकच. देणं झालं तर ते तुमच्या घरादारापर्यंत येऊ शकतं. भागीदारीत साधारणपणे भागीदाराने केलेलं देणंही तुमच्या डोक्यावर येतं. सख्ख्या बहिणीबरोबर असली तरी लेखी करार करा, आणि वेगळं कसं व्हायचं ते त्यातच लिहा. मर्यादित जबाबदारीची कंपनी काढली तर तुमची मालमत्ता वेगळी राहते, पण कागद वाढतात, दरवर्षीचे खर्च वाढतात. शिवाय बँकेने वैयक्तिक हमी लिहून घेतली की ते संरक्षण त्या कर्जापुरतं गेलंच समजा.

व्यवसायाचं खातं पहिल्या दिवसापासून वेगळं, तुमच्या एकटीच्या नावावर. घरखर्चाच्या खात्यात व्यवसायाचे पैसे येऊ द्याल तर ते घरखर्चातच जिरतील आणि वर्षअखेरीस "एवढं काम केलं, गेलं कुठे?" म्हणत बसाल. आलेल्या प्रत्येक रकमेतला कराचा वाटा त्याच दिवशी बाजूला काढा. महिन्याला एक ठरलेली रक्कम स्वतःला पगार म्हणून द्या, कितीही लहान असो.

मी खातं उघडायला गेले तेव्हा टेबलामागच्या गृहस्थांनी फॉर्म पुढे सरकवत विचारलं, "सही कुणाची राहणार, साहेबांची?" त्यांना वाईट काही म्हणायचं नव्हतं. ही सवय मात्र जुनी आहे आणि सगळीकडची आहे. अमेरिकेतसुद्धा काही राज्यांत व्यवसायाच्या कर्जासाठी बाईला पुरुष नातेवाइकाची सही आणायला लावत असत. ते बंद करायला १९८८ साली कायदा करावा लागला. आपण फक्त म्हणायचं, "माझी." आणि पेन काढायचं.

कर्ज पहिल्या वर्षी टाळता आलं तर टाळा. घ्यायचंच असेल तर राहतं घर तारण ठेवू नका. मशीन जुनं घ्या, भाड्याने घ्या. माझं पहिलं मशीन वापरलेलं होतं आणि दोन वर्षं ते कुरकुरत का होईना, चाललं. आणि दुसऱ्या कुणाच्या व्यवसायासाठी तुमची सही मागितली जाईल, तीही सांभाळा. निवृत्तीचे पैसे हाती आलेल्या बाईकडे 'फक्त नावापुरती' भागीदार किंवा जामीनदार हो म्हणत लोक येतात. नावापुरती सही असा प्रकार कायद्यात नसतो.

७. फोन, पेज, वेबसाइट: किल्ल्या तुमच्याकडे

सगळं भाच्याने करून दिलं. पेज त्याच्या नंबरवर, वेबसाइटचं नाव त्याच्या ईमेलवर. पोरगं गुणाचं. मग ते शिकायला परदेशी गेलं, नंबर बदलला, आणि पेजमध्ये शिरायचा कोड बंद पडलेल्या नंबरवर जात राहिला. महिनाभर माझ्याच दुकानाच्या दारावर मी बाहेर उभी.

करून कुणीही देवो, नंबर, ईमेल आणि वेबसाइटच्या नावाची मालकी तुमच्या नावावर हवी. पासवर्ड वहीत लिहा, वही कपाटात ठेवा. व्यवसायासाठी वेगळा नंबर घ्या, म्हणजे रात्री नऊला तो बंद करता येतो. आणि एखाद्या अनोळखी गिऱ्हाइकाने "चुकून जास्त पैसे पाठवले, वरचे परत करा" म्हटलं, तर आधी खात्यात खरंच पैसे जमा झालेत का ते बँकेकडून बघा. मेसेजवर जाऊ नका. ही फसवणूक जगभर चालते.

८. शरीर आणि घर यांचं वेळापत्रक

याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून थोडं सांगते. पाळी साधारण ४५ ते ५५ या वयात जाते. म्हणजे आपण व्यवसाय सुरू करतो नेमक्या त्याच काळात झोप मोडणं, अंगातून वाफा येणं, साधा शब्द न आठवणं हे सगळं चालू असू शकतं. माझ्या रात्रीच्या झोपेचं खोबरं झालेलं असताना मी कामाचे तास मात्र ऑफिसचेच धरले होते, नऊ ते सहा. मग बदलले. कापायचं, मापाचं, चुकलं तर भरून न येणारं काम सकाळी. इस्त्री, पावत्या, फोन दुपारी. संध्याकाळनंतर कात्री हातात घ्यायची नाही.

हा नियम एका काळ्या पँटने शिकवला. रात्री पिवळ्या दिव्याखाली अगदी नीट टीप मारली, समाधानाने घडी घातली. सकाळी खिडकीत नेली तर दोरा गडद निळा. सगळं उसवून पुन्हा. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या उजेडाचा दिवा आणि कामापुरता वेगळा चष्मा आणला. त्याआधी मी सगळे पैसे पडदे आणि आरशावर घातले होते. तुमच्या कामात जो अवयव सगळ्यात जास्त झिजतो, डोळे, पाठ, मनगट किंवा गळा, त्यावर पहिला खर्च करा. आणि तुम्ही आठवडाभर आजारी पडलात तर काम कोण उचलणार, त्या माणसाचं नाव आधीच ठरवून ठेवा.

घरचं तेवढंच कठीण. घरातून काम करणारी बाई ही सगळ्यांच्या लेखी घरीच असते. पार्सल घ्यायला, प्लंबरला दार उघडायला, नातवंडांना तासभर बघायला. मी दारावर कामाच्या वेळेची पाटी लावली ती गिऱ्हाइकांसाठी. उपयोग घरच्यांसाठी जास्त झाला. नवऱ्याने पहिल्यांदा दार वाजवून आत यायला दीड महिना घेतला.

९. बंद कधी करायचं, तेही सुरुवातीलाच लिहा

पहिल्या पायरीवरचा कागद आठवतोय? त्याच्या मागच्या बाजूला तीन अटी लिहा: एवढे पैसे संपले तर, एवढे महिने सलग स्वतःचा पगार निघाला नाही तर, डॉक्टरांनी हे काम थांबवायला सांगितलं तर. यांतली एक जरी खरी ठरली तरी बंद करायचं. ठरवताना डोकं शांत असतं, तेव्हाच ठरवून घ्यायचं.

बंद करायचेही कागद असतात. नोंदणी आणि परवाने रीतसर रद्द करायचे, नाहीतर विवरणपत्रं न भरल्याचे दंड चढत राहतात. अनामत परत घ्यायची, शेवटचा कर भरायचा, गिऱ्हाइकांना कळवायचं, त्यांच्या वस्तू परत करायच्या. व्यवसायाच्या खात्यावर वारसाचं नाव लावणं आणि उधारी-उसनवारीची यादी घरात एकाला माहीत असणं, हे तर चालू व्यवसायातही हवंच.

वस्तू परत करण्यावरून आठवलं. माझ्या कपाटात चार कपडे असे आहेत की ते न्यायला वर्षभरात कुणी आलेलं नाही. त्यात एक जाड लोकरीचा कोट आहे, अस्तर बदललेला, माझ्या हातचं सगळ्यात चांगलं काम. फोन लागत नाही, टाकवत नाही, विकता येत नाही. आता पावतीवर छापून घेतलंय: "काम निम्मे पैसे आगाऊ घेऊनच. तयार झाल्यापासून ६० दिवसांत वस्तू न्यावी, त्यानंतर जबाबदारी राहणार नाही." हे दोन्ही तुमच्या पावतीवर पहिल्या पानापासून असू द्या, आणि छापण्याआधी तुमच्याकडच्या कायद्यात ही अट चालते का, ते एका वकिलाला विचारून घ्या.